पियानोच्या पोटातल्या सह्या

आमच्या सेंट फिलिप स्ट्रीटवर खोटं बोलणारी माणसं पुष्कळ होती, पण ओनेझीमकाकांइतकं नियमितपणे कुणी बोलत नसे. दर सोमवारी सकाळी दहाला ते पियानो सुरात लावायची हत्यारं कातडी पिशवीत भरत, सगळ्यांत वर प्रार्थनेचं पुस्तक ठेवत, पुस्तकाचा सोनेरी कोपरा बाहेर डोकावेल अशा बेताने पिशवी बांधत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगत, "एर्मांस, कॉन्व्हेंटात जाऊन येतो गं. सिस्टर लोकांचा पियानो उतरलाय."

न्यू ऑर्लीन्सच्या दमट हवेत पियानो उतरतो हे खरं आहे. पण सिस्टर लोकांचा पियानो वीस वर्षं दर सोमवारी उतरत होता. एक तर पियानोत दोष असावा, नाही तर सिस्टर लोकांत.

संध्याकाळी एर्मांसकाकू कोट झटकायच्या तेव्हा त्यातून हमखास काहीतरी पडायचं. एकदा शहामृगाचं गुलाबी पीस पडलं. मी पायरीवर बसलो होतो.

"सिस्टर लोकांनी पिसं लावायला सुरुवात केली वाटतं," काकू म्हणाल्या.

"कोंबडीचं असेल ते."

"गुलाबी कोंबडी. देवाची लीला अगाध आहे." आणि त्यांनी ते पीस स्वतःच्या रविवारच्या टोपीला लावून टाकलं.

मी नुमा. समोरच्या घरात राहायचो, सिगारच्या कारखान्यात पानं वळायचो आणि क्लॅरिनेट वाजवायचो. माझ्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये मला हातात धरून उभे राहिले ते ओनेझीमकाकाच, म्हणून त्यांच्या घरात मला मोकळीक होती. आणि ते कुठे जातात हे मला ठाऊक होतं, कारण मीही तिथेच जात होतो. त्यांनी कॉन्व्हेंट वापरलेलं असल्यामुळे मी नदीपलीकडची आजारी मावशी घेतली होती. ती अकरा वर्षं अत्यवस्थ होती.

आम्ही जायचो वस्तीत. शहरातलं सगळं पाप एका जागी गोळा केलं की बाकीचं शहर आपोआप पुण्यवान होईल, असा शोध स्टोरी नावाच्या एका नगरसेवकाला लागला आणि तसा ठराव झाला. लोकांनी कृतज्ञतेने वस्तीला त्याचंच नाव दिलं. ते त्याला फारसं आवडलं नाही म्हणतात. एका अंगाला रेल्वे स्टेशन आणि दुसऱ्या अंगाला जुनी दफनभूमी, त्यामुळे येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची, दोघांची सोय होती. बेसिन स्ट्रीटच्या मोठ्या घरांत आमच्या रंगाच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून मज्जाव होता. चादरी धुवायला, भिंती गिलावायला, पियानो वाजवायला आणि पियानो लावायला मज्जाव नव्हता. आमच्या नीतीची एवढी काळजी गोऱ्यांनी दुसरीकडे कुठे घेतल्याचं मला आठवत नाही.

प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात एक पियानो, आणि पियानोवर बसणाऱ्याला 'प्रोफेसर' म्हणायचं. त्या सोळा-सतरा चौकांत इतके प्रोफेसर होते की एखादं विद्यापीठ सहज निघालं असतं. ते जे वाजवत त्याला तेव्हा धड नाव नव्हतं. 'जॅझ' हे नाव पुढे बाहेरून आलं, आणि त्याची पहिली तबकडी निघाली न्यू यॉर्कात, तीही गोऱ्या पोरांची. असो. ओनेझीमकाका त्याला लाकूडफोड म्हणत. ते ऑपेरा ऐकत वाढलेले होते, भले सगळ्यांत वरच्या गॅलरीत बसून का असेना.

मिस लुएलाच्या घरी पांढरा पियानो होता, त्याच्या चारी कोपऱ्यांना सोनेरी पंखांचे गुबगुबीत देवदूत. सकाळी अकराला तिथे जाऊन पाहिलं तर पापाचा मागमूस नसे. बायका केसांना चिंध्या बांधून कॉफी पीत बसलेल्या, आतून सोमवारच्या राजम्याच्या फोडणीचा वास, कुणीतरी मोजा रफू करतंय. काका कोट काढत, बाह्या सारत आणि पियानोचं झाकण उघडून हळहळत. एकदा तिथला वाजवणारा, प्रोफेसर हॅम्प, दाराशी उभा होता. उंच, अशक्त माणूस, पण डावा हात असा की खालच्या सुरांच्या तारा महिन्याला तुटायच्या.

"अहो, तुम्ही पियानो वाजवता की दार ठोठावता?" काकांनी विचारलं.

"ठोठावतो, मस्ये ओनेझीम. आत कुणीतरी आहे असं वाटतं मला," हॅम्प आमच्या फ्रेंच रिवाजाने 'श्रीयुत'ऐवजी 'मस्ये' लावून म्हणाला.

"आहे ना. मी आहे. दर सोमवारी."

काका बडबडत राहिले, पण मी पाहिलं, काम संपल्यावर ते निघाले नाहीत. हॅम्प बसला, आणि काका टोपी हातात धरून दरवाजाच्या आड उभे राहिले, पूर्ण गाणं होईपर्यंत. मला पाहून म्हणाले, "तारा धरतात का बघत होतो."

निघण्याआधी ते एक गोष्ट कधी चुकवत नसत. सगळेच लावणारे करतात ती. सगळ्यांत खालच्या सुराची पट्टी उपसायची, तिच्या लाकडी अंगावर पेन्सिलने नाव, तारीख, जागा आणि चार शब्द लिहायचे, पट्टी परत बसवायची. ती भरली की शेजारची पट्टी. बाहेरून काही दिसत नाही. पुढे जो कुणी लावायला येईल त्याच्यासाठी हा निरोप असतो. आणि सगळ्या गल्लीला कॉन्व्हेंट सांगणारा हा माणूस तिथे वळणदार अक्षरात लिहायचा, 'मिस लुएला यांचे घर, बेसिन स्ट्रीट.'

"काका, इथेही कॉन्व्हेंटच लिहा की," मी म्हटलं.

"खुळा आहेस का? खोटं लिहिलं तर पुढचा लावणारा फसेल."

फसायला गल्ली होतीच.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. बायकोसाठी नव्हे, तिला तर पिसं मिळत होती. खटाटोप होता सरळमार्गी मित्रमंडळासाठी. आमच्या भागात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या मंडळात असतोच. आजारपणात मंडळ डॉक्टर पाठवतं, मेल्यावर बँड पाठवतं. बँड पुढे, पट्टे घातलेले सभासद मागे, दफनभूमीपर्यंत संथ स्तोत्र, आणि माणसाला आत ठेवून परत निघालं की तोच बँड नाचायला लावणारं वाजवतो. आमच्याकडे माणूस कसा जगला हे फारसं कुणी विचारत नाही. कुठला बँड होता, ते विचारतात. मंडळाचा सतरावा नियम असा होता की वस्तीत कमावणाऱ्या सभासदाचं नाव काढावं, त्याला बँड नाही, पट्टे नाहीत, मिरवणूक नाही.

ओनेझीमकाकांचे वडील अठराशे अठ्ठ्याहत्तरच्या पिवळ्या तापात गेले. तेही मंडळाचे सभासद, बँडमध्ये बिगुल वाजवणारे. पण तापात रोज इतकी माणसं जात होती की त्यांना एका उघड्या गाडीत दुसऱ्या चौघांबरोबर नेलं, ना पाद्री, ना बिगुल. चौदा वर्षांचा ओनेझीम गाडीमागे धावला आणि गाडी पुढे निघून गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "चाकांचा तेवढा आवाज होता रे," ते म्हणाले. "नुसती चाकं." तेव्हापासून त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आपण जाऊ तेव्हा वाजलं पाहिजे.

मंडळाचे अध्यक्ष मस्ये थिओजेन बार्जों, गिलाव्याचे कंत्राटदार. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या अख्ख्या ट्रेमे भागात नव्हता. बेसिन स्ट्रीटच्या तीन घरांच्या छतांवरची प्लास्टरची फुलं त्यांच्याच माणसांनी काढलेली. ते सतराव्या नियमात येत नसे, कारण छत वर असतं. खजिनदारांची लाँड्री होती. ते फक्त चादरी धुवत, कुणाच्या हे विचारत नसत. मी वाजवायचो, पण माझी मावशी आजारी होती. असं आमचं सगळ्यांचं सरळ चाललं होतं.

एकोणीसशे सतराच्या नोव्हेंबरात सरकारने वस्ती बंद केली. युद्ध सुरू झालं होतं, आणि खलाशांच्या नीतीला वस्तीपासून धोका आहे असं नौदलाच्या लक्षात आलं. तोफांपासूनचा धोका त्यांना चालत होता. बायका गाठोडी घेऊन निघाल्या. हॅम्प शिकागोच्या गाडीत बसला. आरसे, पलंग, गालिचे, पियानो, सगळं मातीमोल विकायला निघालं. आमच्या गल्लीतली सभ्य माणसं ते दृश्य बघायला गेली, नुसती बघायला, आणि परत येताना प्रत्येकाच्या मागे एकेक झाकलेली गाडी होती. महिनाभरात सेंट फिलिप स्ट्रीटवर सात पियानो झाले. विचारावं तर सगळे वारशाने आलेले. त्या महिन्यात आमच्या गल्लीच्या इतक्या मावश्या वारल्या की मला माझ्या मावशीची काळजी वाटू लागली.

बार्जोंचा पियानो सेंट मार्टिनव्हिलच्या मावशीकडून आला होता. काळा, चकचकीत. रंग ओला होता.

वसंतात तो उतरला. बार्जोंनी काकांना बोलावलं, कारण दुसरा लावणारा गोरा होता आणि तो आमच्या भागात येत नसे. मीही तिथे होतो, मंडळाचं इतिवृत्त लिहून घ्यायला. बार्जोंची मुलगी युफ्रोझीन, बावीस वर्षांची, तोंड मिटून शिकवणीचे धडे वाजवणारी, खिडकीशी बसली होती. काकांनी पियानोभोवती एक चक्कर मारली. कोपऱ्यावरच्या काळ्या गुबगुबीत गालावरून बोट फिरवलं. बिचाऱ्या देवदूतांना काळं फासलं होतं.

"मावशी बऱ्या होत्या का शेवटी?" काकांनी विचारलं.

"शांतपणे गेल्या," बार्जों म्हणाले.

काकांनी पियानो लावला आणि सवयीने खालची पट्टी उपसली. ती भरलेली होती, शेजारची भरलेली होती, त्याच्या शेजारचीही. बार्जों पुढे वाकले आणि मीही वाकलो. अठराशे नव्व्याण्णव: 'मिस लुएला यांचे घर. असभ्य वादन. तीन तारा बदलल्या.' एकोणीसशे पाच: 'डाव्या हाताचा फार जोर. हातोड्यांचा नमदा बदलला.' एकोणीसशे अकरा: 'खालची बाजू प्रोफेसर हॅम्प यांना हवी तशी लावली. चांगली वाजते.' आणि अगदी शेवटी, 'नोव्हेंबर १९१७. प्रोफेसर शिकागोला. पियानो उत्तम आहे. जपावा.'

बार्जोंचा चेहरा भिजलेल्या गिलाव्यासारखा झाला. काकांनी मात्र शांतपणे पेन्सिल ओली केली आणि खाली लिहिलं, 'मस्ये थिओजेन बार्जों यांचे घर, सेंट फिलिप स्ट्रीट, एप्रिल १९१८. रंग द्यायला नको होता.' पट्टी बसवली, टोपी घातली आणि निघून गेले.

काका बोलले तर, ही भीती बार्जोंना झोपू देईना. म्हणून ते आधी बोलले. पुढच्याच सभेत त्यांनी सतरावा नियम वाचून दाखवला.

"ओनेझीम, तुम्ही वस्तीत पियानो लावत होतात. खरं की खोटं?"

"खरं," काका म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आमच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या सेव्हेअरने विचारलं, "पुरावा काय पण?"

"पुरावा मी डोळ्यांनी पाहिला आहे. कुठे, ते सांगणं मला उचित वाटत नाही."

खोलीत अकरा माणसं होती. त्यातल्या सातांच्या दिवाणखान्यात पियानो होते आणि सातही जण आपापल्या बुटांकडे बघू लागले. काकांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी त्यांच्याकडे बघत होतो, मनात म्हणत होतो, बोला ना आता.

"कुणाच्या घरात कुठला पियानो आहे, हे लावणारा बाहेर बोलत नाही," ते म्हणाले.

मग हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केले. मीही केला. माझ्या आईचं नाव त्याच मंडळात होतं आणि ती खोकत होती, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. मला त्याची लाज आज वाटते आणि तेव्हाही वाटत होती; हात वर असताना वाटत होती. काकांनी खुंटीवरचा आपला पट्टा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गेले.

त्यानंतरही ते त्या सातही घरांत पियानो लावायला जात राहिले. मी चिडून विचारलं, "काका, यांच्या दारात कशाला जाता?"

"पियानोने हात वर केला नव्हता," ते म्हणाले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांना तसं मारायचं नव्हतं, हे जास्त वाईट होतं.

ऑक्टोबरात साऱ्या जगाला धरणारा तो इन्फ्लुएन्झाचा ताप आला. शाळा बंद, चर्च बंद, गर्दीला बंदी, अंत्ययात्रेला घरची चार माणसं. बँडमधले निम्मे अंथरुणाला खिळले होते, उरलेल्यांना रस्त्यावर वाजवायची मनाई. सरळमार्गी मित्रमंडळाने त्या महिन्यात नऊ सभासद पोचवले, नऊही मुक्याने. ओनेझीमकाका चार दिवस तापात होते. शेवटच्या दुपारी मला म्हणाले, "नुमा, चाकांना तेल घालायला सांग." एवढंच. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो.

एर्मांसकाकू रडल्या नाहीत. त्यांनी गुलाबी पिसाची टोपी घातली आणि गल्लीत उतरल्या. फुटपाथवर उभं राहून त्यांनी पहिल्या घराला हाक मारली, मग दुसऱ्या. मी मागे होतो. बार्जोंच्या घरासमोर त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मस्ये बार्जों, तुमच्या पियानोत माझ्या नवऱ्याच्या सह्या आहेत. उद्या दहाला त्याला इथून नेणार. रस्त्यावर वाजवायला बंदी आहे, घरात नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि स्तोत्र वाजवा."

बार्जों झडपेच्या फटीतून म्हणाले, "बाई, जरा हळू बोला."

"हळू बोलायचं तर जवळ यायला हवं. जवळ यायला बंदी आहे." आणि त्यांनी आवाज आणखी चढवला. "मावशीचा पियानो असेल तर वाजवू नका. मिस लुएलाचा असेल तर वाजवा."

असं सातही घरांना सांगून झालं. आता जो वाजवेल तो कबूल करेल, हे गल्लीतल्या आंधळ्यालाही दिसत होतं. मला एकाचीही आशा नव्हती. आम्हा गल्लीवाल्यांना मी चांगला ओळखतो.

सकाळी गाडी निघाली. मागे काकू, मी आणि दोन शेजारी. चाकांना मी स्वतः तेल घातलं होतं, तरी ती वाजत होती. पहिलं घर बंद. दुसरं बंद. काकू समोर बघत चालत होत्या. तिसरं घर सेव्हेअरचं. झडप उघडली, आणि म्हातारा दोन बोटांनी, एकेक सूर शोधत, स्तोत्र वाजवू लागला. इतकं वाईट मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग समोरून खजिनदारांची बायको वाजवू लागली, नवऱ्याला ढकलूनच बसली असावी. मग मागचं, बंद ठेवलेलं दुसरं घर उघडलं. कुणी पुढे, कुणी मागे, ताल कुणाचा कुणाला नाही. पण सूर एकच होता. सगळे पियानो एकाच माणसाने लावलेले, एका घराचं स्तोत्र दुसऱ्याच्या स्तोत्रात शिरत होतं आणि कुठे खटकत नव्हतं. चाकांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला.

बार्जोंचं घर बंद राहिलं.

आमच्या भागातल्या दोन नंबरच्या दफनभूमीत आम्ही काकांना त्यांच्या भिंतीच्या कप्प्यात ठेवलं; जमीन पाणथळ, म्हणून आमच्याकडे पुरत नाहीत. गवंड्याने तोंड विटांनी बंद केलं. इथे बँड असता तर आता नगाऱ्याची दोरी ताणली असती आणि परतीचं वाजलं असतं. आम्ही चौघं नुसते परत निघालो.

सेंट फिलिप स्ट्रीटच्या वळणावर पहिल्यांदा ऐकू आलं. स्तोत्र नव्हतं. डावा हात दणादण खाली आणि उजवा वर खिदळतोय, बेसिन स्ट्रीटवर वाजायचं तसंच, चुका सोडून. बार्जोंच्या घराच्या तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. आत मस्ये बार्जों ओरडत होते, "झाकण लाव, युफ्रोझीन! लोक बघताहेत!" आणि युफ्रोझीन, ती तोंड मिटून धडे वाजवणारी, केस सुटलेली, काळ्या देवदूतांच्या मधोमध बसून बापाकडे पाठ करून वाजवत होती. हे ती कुठे आणि कधी शिकली, देव जाणे. तिचीही कुणी मावशी आजारी असणार.

एर्मांसकाकू थांबल्या. दोन-तीन मिनिटं, पूर्ण गाणं होईपर्यंत उभ्या राहिल्या, दरवाजाआड उभं राहिल्यासारख्या. एक जाड तार तुटल्याचा आवाज आला. पोरगी थांबली नाही.

"बघ," काकू म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांचा आवाज फुटला. "तोडली हिने खालची तार. आता लावणार कोण?"